आधी घाट ठरवा, मग गाडी : लातूरहून मालवण

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. कोकणात जायचं म्हटलं की मधे सह्याद्री आडवा येतो, आणि तो कुठून उतरायचा हे ठरल्याशिवाय बाकी काहीच ठरत नाही. मालवणला जायचं आमचं नक्की झालं तेव्हा नातेवाईक, शेजारी, शाळेतले सहकारी सगळे वाहनापासून सुरुवात करत होते. कुणी म्हणे रेल्वेनं जा, कुणी म्हणे ट्रॅव्हल्सनं जा, कुणी म्हणे सरळ गाडी काढा. माझं म्हणणं एवढंच आहे की नकाशा पुढ्यात घ्या आणि आधी घाट निवडा. घाट ठरला की कुठली रेल्वे, कुठलं स्टँड, मुक्काम कुठं करायचा, सगळं आपोआप मार्गी लागतं.

यामागचं कारण सरळ आहे. महाराष्ट्रात रेल्वे सह्याद्री उतरते ती दोनच ठिकाणी, कसारा घाटात आणि खंडाळ्याच्या बोर घाटात. तिथून खाली दक्षिणेला पार कॅसलरॉकपर्यंत, म्हणजे गोव्याच्या तोंडापर्यंत, एकही रेल्वेमार्ग डोंगर ओलांडत नाही. पुणे-मिरज-कोल्हापूर ही लाइन घाटमाथ्याच्या वर राहते, कोकण रेल्वे खाली समुद्राच्या बाजूनं धावते, आणि दोघींची गाठ महाराष्ट्रात पनवेलच्या दक्षिणेला कुठंच पडत नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची चर्चा किती वर्षं ऐकतोय, तो अजून व्हायचाच आहे. त्यामुळे आपल्याकडून निघालेल्या माणसाला दोनच वाटा उरतात. एक, रेल्वेनं वळसा घालून पनवेल गाठायचं आणि तिथून कोकण रेल्वे पकडायची. दुसरी, रेल्वेनं किंवा रस्त्यानं कोल्हापूरपर्यंत जायचं आणि पुढं एसटीनं किंवा गाडीनं घाट उतरायचा.

आता घाटांचं. गणपतीपुळे, रत्नागिरी करायचं असेल तर कोल्हापूरहून आंबा घाट. देवगड, मालवण, तारकर्लीसाठी राधानगरीवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट. वेंगुर्ला, सावंतवाडीकडे जायचं तर आंबोली. चिपळूण, गुहागरला कराड-पाटणवरून कुंभार्ली. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला पुण्याहून ताम्हिणी. अलिबागला नेहमीचा बोर घाट. यातला एकेक घाट अधूनमधून बंद असतो हे मात्र ध्यानात ठेवा. करूळ घाट 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता, भोर-महाडचा वरंधा पावसाळ्यात बहुतेक वेळा बंदच असतो. निघण्याच्या आधी त्या भागातल्या एसटी आगाराला फोन करून विचारलं तर खरी माहिती मिळते. मोबाइलवरचा नकाशा अशा वेळी बिनधास्त बंद रस्त्यानं पाठवतो.

आम्ही चौघं निघणार होतो. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. आईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, तब्येत ठणठणीत, पण गुडघे साथ देत नाहीत. तासाभरापेक्षा जास्त पाय मुडपून बसलं की उठताना दोघांनी धरावं लागतं. मुलीला घाटात उलट्या होतात. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरून झाला होता, दिवाळीच्या सुटीचे शेवटचे दिवस हातात होते. या सगळ्यात बसेल असा प्रवास हवा होता.

नवऱ्याचं पहिलं मत गाडीच काढायची असं होतं. लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रस्ता. यातला बराचसा भाग रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा, आणि आता तो मोठा आणि चांगला झालाय. पण अंतर पाचशे किलोमीटरच्या वर जातं, गाडी चालवणारा एकटा, आणि सगळ्यात अवघड तुकडा म्हणजे घाट, तो येतो शेवटी. दिवसभर चालवून दमलेल्या माणसानं संध्याकाळच्या अंधारात अनोळखी घाट उतरायचा, हे मला पटेना. दोन चालवणारे असतील आणि कोल्हापुरात मुक्काम करणार असाल तर गाडी जरूर काढा. तारकर्ली, देवबाग, निवती असं फिरायला स्वतःची गाडी हाताशी असण्याचं सुख मोठं आहे. आमच्याकडे दुसरा चालक नव्हता, म्हणून तो विषय तिथंच संपला.

खासगी ट्रॅव्हल्सचा विचारही केला. स्लीपर कोचमध्ये आईंना आडवं होता आलं असतं, पण वरच्या बर्थवर चढणं त्यांना शक्य नाही आणि खालचा बर्थ मिळेल याची बुकिंगवाला खात्री देईना. शिवाय या गाड्या पुष्कळदा भल्या पहाटे हायवेवरच उतरवून मोकळ्या होतात, स्टँडवर नेत नाहीत. तरण्याताठ्या मुलांचं ठीक आहे, म्हातारं माणूस आणि बॅगा घेऊन हायवेवर रिक्षा शोधणं ठीक नाही.

विमानाचंही पाहिलं, कारण हल्ली तोही एक खरा पर्याय झालाय. 2025 च्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झालं. ते मोपाला उतरतं, आणि मोपा हा सिंधुदुर्गाला अगदी खेटून असलेला विमानतळ आहे. तिथून टॅक्सीनं बांदा, कुडाळ करत दोनेक तासांत मालवण. खुद्द मालवणच्या जवळ चिपीला 9 ऑक्टोबर 2021 पासून विमानतळ आहे, पण तिथल्या फेऱ्या कमीजास्त होत राहतात. चौघांची तिकिटं आणि टॅक्सी धरली तर आमच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. गुडघ्यांचं दुखणं फार असेल आणि पैशाची सोय असेल, तर धाराशिव-लातूरच्या माणसानं हा मार्ग जरूर तपासून पाहावा.

राहिल्या दोन वाटा, पनवेल आणि कोल्हापूर. आम्ही जाताना कोल्हापूर आणि येताना पनवेल असं ठरवलं. त्यामुळे दोन्हींचा अनुभव सांगता येतो.

नागपूर-कोल्हापूर एक्स्प्रेस हिंगोली, पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज अशी येते. अर्ध्या मराठवाड्याला कोल्हापूरशी थेट जोडणारी ही गाडी आहे आणि तरी आपल्या लोकांच्या ती पटकन डोक्यात येत नाही, कारण रोज नसते. आठवड्यातले तिचे वार बघूनच बाकीचा बेत आखावा लागतो. लातूरला ती पहाटेच्या अंधारात येते आणि कोल्हापूरला दुपारी पोचवते. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वी एकशे वीस दिवस आधी उघडायचं. आम्ही स्लीपरची तिकिटं काढली. पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांना आणि ज्येष्ठांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप दिला जातो, त्यामुळे आईंना तो मिळाला. ज्येष्ठांना तिकिटात सवलत मात्र नाही. मार्च 2020 मध्ये ती बंद केली ती अजून सुरू केलेली नाही. ज्यांनी आयुष्यभर रेल्वेनं प्रवास केला त्यांना म्हातारपणी पूर्ण तिकीट लावणं मला बरोबर वाटत नाही. ही सवलत परत मिळायला हवी.

एक सूचना खास आपल्या भागातल्यांसाठी. ही गाडी पंढरपूरवरून जाते. आषाढी आणि कार्तिकीच्या आठवड्यात तिच्यात पाय ठेवायला जागा नसते, आरक्षित डब्यातसुद्धा. दिवाळीच्या सुटीत जायचं असेल तर कॅलेंडरात कार्तिकी एकादशी कधी आहे ते पाहून मगच तारीख धरा. आम्ही तिच्या अलीकडची तारीख धरली होती, तरी टाळ आणि पताका घेतलेली मंडळी बार्शीपासून चढू लागली. पंढरपूरला डबा बराच रिकामा झाला.

आईंचं माहेर बार्शीचं. बार्शी लाइटची छोटी गाडी त्यांनी पुष्कळ वापरलेली. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ती रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला आली, 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला पोचली. आज आपण ज्या मार्गानं मिरजेला जातो तो बराचसा तिचाच, रूळ मात्र मोठे झाले. आई खिडकीशी बसून नातीला सांगत होत्या, "चढ आला की पोरं खाली उतरायची, चालत जायची, अन् वर गेलं की परत डब्यात बसायची." मुलीचा विश्वास बसेना. ती दोनदोनदा विचारत राहिली आणि आई दोनदोनदा सांगत राहिल्या.

मला त्या रुळांवर वेगळंच आठवत होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये याच मार्गानं मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा मुलगी तान्ही होती आणि आमच्या गल्लीत टँकरच्या नळीखाली रात्री घागरी लावून बसावं लागायचं. मिरज स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून नळावर बाटल्या भरून घेतल्या. लातूरच्या कुठल्याही माणसाला मिरज म्हटलं की पाणीच आठवतं, आणि या गावाचं आपण देणं लागतो ही भावना माझ्या मनात अजून आहे.

मिरजेनंतर दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि कोल्हापूर येतं. कोल्हापूरचं सगळ्यात सोयीचं म्हणजे रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळजवळ आहेत. बॅगा ओढत चालत जाता येतं. दुपारी पोचून लगेच मालवणची एसटी पकडणं शक्य होतं, पण मी तसं करू नये असंच सांगेन. एकतर रेल्वेला उशीर होतोच. दुसरं, दुपारची एसटी धरली तर फोंडा घाट दिवेलागणीला लागतो आणि मालवणात पोचेपर्यंत रात्र होते. आम्ही स्टँडजवळच मुक्काम केला. संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन झालं. तुळजाभवानीच्या मुलखातून आलेल्या माणसाला कोल्हापुरात येऊन अंबाबाई न करता पुढं जाणं जमत नाही, आणि आईंच्या दृष्टीनं तर प्रवासाचं निम्मं सार्थक तिथंच झालं.

संध्याकाळीच मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीवर जाऊन आले. हे काम सकाळवर ठेवू नका. खिडकीतल्या माणसानं दोन गोष्टी नीट समजावून सांगितल्या. मालवणची थेट गाडी हवी असेल तर सकाळची धरा. ती चुकली तर कणकवलीची कुठलीही गाडी धरा, कणकवलीहून मालवणला दिवसभर गाड्या असतात. "आजीस्नी पुढच्या बाजूला बसवा, मागच्या चाकावर नको, घाटात हबकं बसत्यात," हेही त्यानं आपणहून सांगितलं. त्याचं ऐकून आम्ही चाकाच्या पुढची आसनं आरक्षित केली.

आता तिकिटाचं, कारण याबद्दल अजून पुष्कळांना नीट माहिती नाही. एसटीत पंच्याहत्तर वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, 2022 च्या ऑगस्टपासून. पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं तिकीट. बायकांना 17 मार्च 2023 पासून निम्मं तिकीट, सगळ्या प्रकारच्या एसटी गाड्यांत, राज्याच्या हद्दीपर्यंत. कंडक्टरनं आईंचं आधार कार्ड पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. ते तिकीट घ्यावंच लागतं, ते विसरू नका. माझं निम्मं, मुलीचं निम्मं. चौघांत पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. लातूरपासून पूर्ण प्रवास एसटीनं केला असता तर याहून स्वस्त पडलं असतं. लातूर-सोलापूर आणि सोलापूर-कोल्हापूर गाड्या भरपूर आहेत. ज्यांना बसून जमतं त्यांनी तसंच जावं. चारपाच दिवस कोकणात फिरायचं असेल तर 'आवडेल तेथे प्रवास'चा चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पासही निघतो, आगारात विचारून घ्या.

कोल्हापूर ते राधानगरी रस्ता साधा सरळ आहे. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. आमच्यासारख्या पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी एका राजानं केलेला हा विचार पाहून हात जोडावेसे वाटतात. त्यानंतर दाजीपूरचं गव्यांचं जंगल येतं आणि लगेच घाट सुरू होतो.

मुलीसाठी मी आधीच तयारी केली होती. सकाळी भरपेट नाश्ता नाही, नुसती दोन केळी. खिडकीजवळची जागा, लिंबू हातात, जिभेखाली आवळासुपारी, मोबाइल पूर्ण बंद, नजर लांब डोंगरावर. मोबाइलकडे बघितलं की मळमळ हमखास सुरू होते. वळणं सुरू झाली तसा कंडक्टर मागं येऊन म्हणाला, "कोणाक उलटी येता तर आधीच सांगा, पिशवी देतंय." खालून येणारा ट्रक वळणावर दिसला की ड्रायव्हर लांबूनच गाडी कडेला घेऊन थांबायचा, चढणाऱ्याला वाट द्यायचा, मग पुढं. एका हातानं गिअर, एका हातानं हॉर्न, आणि चेहरा शांत. बालाघाटच्या डोंगरात आपण जे घाट म्हणतो ते याच्यापुढं चढउतारच. घाट उतरता उतरता हवा बदलते, अंगाला ओलसर लागते, कानात दडे बसतात आणि सुटतात. पायथ्याशी फोंडा गाव आलं, गाडी थांबली, तेव्हा मुलगी विचारत होती, "संपला का घाट?" उलटी झाली नव्हती. मला त्याचा फार आनंद झाला, कारण पोराला प्रवासाची एकदा धास्ती बसली की पुढची कित्येक वर्षं कुठं जाता येत नाही.

फोंड्यानंतर कणकवली, तिथून मुंबई-गोवा महामार्गानं कसाल. कसालला महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की कट्टा, चौके, कुंभारमाठ करत मालवण. हा शेवटचा तुकडा नकाशावर दिसतो त्याहून जास्त वेळ खातो. रस्ता वळणावळणाचा, वाटेत जागोजाग थांबे. पण सिंधुदुर्गातला महामार्ग चौपदरी होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे कणकवली-कसाल पटकन जातं. मालवण स्टँडवर उतरलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

मालवणात फिरण्याचं थोडक्यात. तारकर्ली-देवबागकडे एसटी जाते, पण तिच्या वेळा ठरलेल्या असतात. चौघं असाल तर रिक्षा परवडते. दर आधी ठरवून घ्या, आणि परतीची वेळही सांगून ठेवा, कारण देवबागच्या टोकाला संध्याकाळी रिक्षा सहज मिळत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर धक्क्यावरून होड्या जातात. आईंना होडीत चढवायला नावाड्यांनी दोन्ही बाजूंनी हात दिले. किल्ल्याच्या दाराशी उतरतानाही दोन पायऱ्यांइतकं अंतर उडी मारून जायचं असतं, ते गुडघेदुखीवाल्यांनी आधी विचारून घ्यावं. भरती-ओहोटीप्रमाणे ते अंतर बदलतं. आम्ही ओळख करून घेऊन भरतीची वेळ विचारली आणि तेव्हाच गेलो.

परतीला आम्ही कुडाळ गाठलं. मालवणहून कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. कुडाळ स्टेशन गावापासून थोडं बाजूला आहे, तेव्हा स्टँडवर उतरून पुढं रिक्षा करावी लागेल हे धरून निघा. कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या, तुतारी आणि कोकणकन्या, मुंबईकरांना सोयीच्या. आम्ही मुद्दाम दिवसाची मांडवी एक्स्प्रेस घेतली. ज्यांनी कोकण रेल्वे पाहिलेली नाही त्यांनी निदान एका बाजूनं तरी दिवसाची गाडी घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झालेला हा मार्ग, ब्याण्णव बोगदे, रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि तो पानवलचा उंच पूल. करबुड्यात शिरल्यावर मुलगी मोजत राहिली, मोजून थकली तरी उजेड येईना. मांडवीतलं खाणं चांगलं असतं असं ऐकलं होतं, ते खरं निघालं.

कोकणातल्या माणसांनी या रेल्वेसाठी किती दशकं वाट पाहिली हे त्या डब्यात शेजारच्या आजोबांनी सांगितलं. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांचं नाव ते अजून आदरानं घेत होते. मला आपलं बीड आठवलं. अहिल्यानगर-बीड रेल्वे 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाली, तेव्हा तिथल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी पहिल्यांदा आपल्या गावात गाडी पाहिली. रेल्वेची वाट पाहणं म्हणजे काय हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

मांडवी पनवेलला संध्याकाळनंतर पोचते. तसं पाहिलं तर ठाण्यापर्यंत जाऊन रात्रीची मुंबई-लातूर एक्स्प्रेस पकडता येते, कागदावर ते जमतं. पण कोकण रेल्वेचा बराच मार्ग एकेरी आहे, समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी थांबावं लागतं, उशीर होतो. म्हातारं माणूस सोबत असताना असा जोड मी धरणार नाही. आम्ही पनवेलला उतरलो, कामोठ्याला भाच्याकडे मुक्काम केला. लातूरच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी नवी मुंबईत किंवा पुण्यात असतंच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पनवेल-नांदेड एक्स्प्रेस धरली. ती पुणे, दौंड, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर करत पुढं परळी, परभणीवरून नांदेडला जाते. आपल्या भागाला कोकण रेल्वेच्या दारात नेऊन सोडणारी हीच गाडी. लातूरला मध्यरात्र उलटून गेल्यावर उतरलो. स्टेशन गावाबाहेर असल्यानं रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

दोन्ही वाटा तोलून पाहिल्या तर लातूर, धाराशिव, परळी, परभणीच्या लोकांनी मालवणला कोल्हापूरवरूनच जावं, असं माझं मत झालं. अंतर कमी, खर्च कमी, आणि मुक्कामाला देवीचं गाव. पनवेलची वाट लांबची आहे, पण घाटाचा त्रास ज्यांना सहनच होत नाही त्यांच्यासाठी तीच योग्य, कारण रेल्वे बोर घाट उतरते तेव्हा पोटात काही हलत नाही.

जालना आणि संभाजीनगरच्या माणसांनी मात्र कोल्हापूरच्या फंदात पडू नये. त्यांना मुंबई जवळ. वंदे भारत, जनशताब्दी, तपोवन, देवगिरी यांपैकी सोयीची गाडी धरावी आणि अलिबाग करावं. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, पण गेटवेहून मांडव्याला लाँच आहे आणि मांडव्याहून अलिबाग पाऊण तासावर. गाडी घेऊन जायची असेल तर समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला झालाय, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. मालवण, गोवाच करायचं असेल तर मनमाडहून गोवा एक्स्प्रेस पाहा. ती नगर, पुणे, मिरज, बेळगाव करत मडगावला जाते, दूधसागरच्या घाटातून. मडगावहून कोकण रेल्वेनं कुडाळ जवळ आहे.

नांदेडकरांना दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. कोल्हापूर एक्स्प्रेससाठी त्यांना परभणी किंवा पूर्णेला यावं लागतं, पनवेलची गाडी घरून सुटते.

कधी जायचं, तेही सांगते. जूनपासून समुद्र खवळलेला असतो, मालवणातल्या आणि गेटवेच्या होड्या मे अखेरीस बंद होतात आणि पाऊस सरता सरता सुरू होतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, आणि घाटात दरड कोसळली की रस्ता तासन् तास बंद. गणपतीच्या दिवसांत तर कोकण रेल्वेचं आरक्षण उघडल्या उघडल्या भरतं. आपल्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी रेल्वेची खिडकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, आणि आरक्षण सकाळी आठला सुरू होतं.